वाळूची वाटणी



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. विषय काय, असं वाचनालयाच्या कार्यवाहांनी फोनवर विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, "एका पुस्तकाबद्दल तक्रार आहे." निमंत्रणपत्रिकेत त्याचं 'बालसाहित्य : एक चिंतन' झालं. चिंतन वगैरे माझ्याजवळ काही नाही. तक्रार मात्र आहे, चांगली चाळीस-पंचेचाळीस वर्षं मुरलेली. आणि ती मार्क ट्वेनविरुद्ध आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना आम्ही कधी नावाने ओळखलंच नाही. ते सर होते, आजही सरच म्हणतो. सर हायस्कुलात गणित शिकवायचे आणि रविवारी सकाळी आठ ते दहा या वाचनालयाचा बालविभाग उघडायचे. बालविभाग म्हणजे जिन्याखालचं एक कपाट, दोन बाक आणि खळीचा वास. फाटलेली पुस्तकं सर स्वतः शिवायचे. शिवताना दोऱ्याचं टोक दातात धरून बोलायचे, त्यामुळे त्यांचं अर्धं बोलणं आम्हाला अंदाजाने समजून घ्यावं लागे. पुस्तक परत करायला गेलं की गोष्ट सांग, तात्पर्य सांग, असलं काही नाही. एकच प्रश्न : "कुणाच्या बाजूने होतास?"

ट्वेनचा टॉम सॉयर मी त्या कपाटातून नेला. मराठीतला, संक्षिप्त, शेवटची चार पानं गायब झालेला. परत करताना म्हणालो, टॉमच्या बाजूने. सर म्हणाले, "सगळेच असतात." मग दहावीच्या सुट्टीत त्यांनी त्यांच्या घरची 'हकलबेरी फिन'ची इंग्रजी प्रत दिली, सोबत एक शब्दकोश दिला, आणि बजावलं की शब्दकोशाचा फारसा उपयोग होणार नाही. खरंच झाला नाही. ते इंग्रजी कुठल्याच कोशातलं नव्हतं. मिसूरीतल्या अडाणी पोराचं आणि त्याहून अडाणी ठरवल्या गेलेल्या गुलामाचं ते बोलणं. मोठ्याने वाचलं की कळायचं, मनात वाचलं की अडायचं. गच्चीवर बसून मी महिनाभर ते ओरडून वाचलं. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, पोराला काही झालंय का.

त्या पुस्तकातला एकच प्रसंग सांगतो, कारण पुढची सगळी तक्रार त्यावर उभी आहे. हक हा दारुड्या बापापासून पळालेला पोरगा. जिम हा मिस वॉटसन नावाच्या बाईंच्या मालकीचा गुलाम. बाई आपल्याला विकणार असं कानावर आल्यामुळे तोही पळालेला. दोघं तराफ्यावरून मिसिसिपीतून खाली चाललेत. एका रात्री धुकं पडतं आणि त्यांची चुकामूक होते. हक छोट्या होडीत, जिम तराफ्यावर. रात्रभर हाका. पहाटे हक तराफा गाठतो तर जिम गाढ झोपलेला, वल्हं मोडलेलं, तराफ्यावर फांद्या, पाला, चिखल. हकला थट्टेची लहर येते. तो जिमला उठवून सांगतो, कसलं धुकं, मी तर इथेच होतो, तुला स्वप्न पडलं. जिम बिचारा विचारात पडतो, स्वप्नाचा अर्थसुद्धा लावतो. मग त्याचं लक्ष पाल्याकडे जातं. आणि तो जे बोलतो त्याचा आशय असा, की तू हरवलास या दुःखाने माझं काळीज फाटायची वेळ आली होती, आणि तू मात्र मला खोटं पाडून हसायचा बेत करत होतास. हा जो कचरा पडलाय ना तराफ्यावर, मित्राला मान खाली घालायला लावणारी माणसं तसलीच. एवढं बोलून तो उठून आत जातो.

हकला त्याची माफी मागायला पंधरा मिनिटं लागतात. एका गोऱ्या पोराने गुलामाची माफी मागायची! पण तो मागतो, आणि पुढे सांगतो की त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

मी पुस्तक परत द्यायला गेलो. सरांनी दोरा दातातून काढला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, जिमच्या. ते काही बोलले नाहीत, पण त्या रविवारी त्यांनी मला कपाटाची किल्ली सांभाळायला दिली.

आता मुख्य गोष्ट. बारावीनंतर मला मुंबईला फोर्टात कारकुनी मिळाली. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर तेव्हा जुन्या पुस्तकांचे ढीग लागायचे. पगार झाला की मी त्या ढिगांपुढे उकिडवा बसायचो. एका शनिवारी दुपारी एक निळं पातळसं पुस्तक हाताला लागलं : 'टॉम सॉयर अब्रॉड', टॉम सॉयर परदेशात. लेखक मार्क ट्वेन. हक आणि टॉमचं आणखी एक पुस्तक जगात आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. पान उघडलं तर हकचाच आवाज, पहिल्या ओळीपासून. विक्रेत्याने चार रुपये सांगितले. घासाघीस करायचंही भान राहिलं नाही. चर्चगेटला गाडीत खिडकी मिळाली, आणि बोरिवली येईपर्यंत माझा चेहरा कसा पडत गेला असेल, ते समोर बसलेल्या भाजीवाल्या मावशींनाच ठाऊक.

गोष्ट अशी. टॉम, हक आणि जिम सेंट लुईसला एका विक्षिप्त प्रोफेसराचं विमान बघायला जातात. विमान म्हणजे पंख लावलेला फुगा, बलून. प्रोफेसर त्यांना घेऊन उडतो, अटलांटिकवर वादळात स्वतःच खाली पडतो, आणि हे तिघं इंग्लंडऐवजी थेट सहारा वाळवंटावर पोचतात. तिथे सिंह, मृगजळ, वाळूत गाडला गेलेला काफिला, मग पिरॅमिड, स्फिंक्स. शेवटी टॉमचा ओढायचा पाइप मोडतो, तर तो घरचा जुना पाइप आणायला जिमला फुग्यातून अमेरिकेला पाठवतो. टॉमची पॉलीमावशी जिमला पकडते आणि निरोप धाडते, आत्ताच्या आत्ता घरी या. ते घरी जातात. पुस्तक संपलं. घंटा झाल्यावर मास्तरांनी वाक्य अर्धं सोडून खडू ठेवावा, तसं संपलं.

अन्याय करायचा नाही म्हणून चांगलं तेही सांगतो. या पुस्तकात दोन-तीन जागा अशा आहेत की ट्वेनशिवाय कुणाला सुचू नयेत. फुगा वेगाने उडतोय, टॉम म्हणतो आपण आता इंडियानावर असणार. हक म्हणतो, शक्यच नाही, अजून इलिनॉयच. का? तर खालची जमीन हिरवी दिसतेय. नकाशात इलिनॉय हिरवं आहे आणि इंडियाना गुलाबी. अजून गुलाबी कुठे लागलंय? मी गाडीत मोठ्याने हसलो होतो. आमच्या शाळेतल्या नकाशात आमचा जिल्हा पिवळा होता, आणि पहिल्यांदा एस. टी.तून घाट उतरून कोकणात गेलो तेव्हा मीही रंग बदलायची वाट पाहिली होती. दुसरी जागा धर्मयुद्धाची. पवित्र भूमी परत जिंकायला आपण निघू, असं टॉम म्हणतो. हक विचारतो, ती ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचीच आहे ना? मग ती हिसकावून घेणं धर्मात कसं बसतं? टॉम चिडतो, कारण उत्तर नाही. हा हक आपला, ओळखीचा.

आणि मग वाळू येते.

सहारातून निघताना फुग्यात बरीच वाळू साठलेली असते. टॉमच्या डोक्यात धंदा येतो : खऱ्या सहाराची वाळू कुप्यांत भरून अमेरिकेत विकायची. हिशेब होतो, तिघं मनातल्या मनात श्रीमंत होतात. मग टॉमलाच आठवते जकात. प्रत्येक सरहद्दीवर नाका असणार. इजिप्त, अरबस्तान, हिंदुस्थान, जो तो जकात लावणार, आणि आपल्या देशात परत जाताना तर सगळ्यांत जास्त. धंदा बुडाला. आपल्याकडे पालिकेच्या नाक्यावर ट्रकमध्ये रात्र काढलेल्या कुणालाही हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही. इथपर्यंतही ठीक.

आता ती वाळू फावड्याने उपसून खाली फेकायची. काम कसं वाटायचं? टॉम सांगतो : मी आणि हक प्रत्येकी एक पंचमांश उपसू, जिमने तीन पंचमांश उपसावी. जिमला हे जरा जड वाटतं. टॉम म्हणतो, बरं, मग तूच सांग. जिम विचार करून सांगतो, तुम्ही दोघांनी प्रत्येकी एक दशांश घेतलात तर ते रास्त होईल. टॉमला हसू आवरत नाही, पण तो तोंड फिरवून म्हणतो, कबूल. वाटे आखले जातात. आपल्या वाट्याचा ढीग पाहून जिम चकित होतो, आणि म्हणतो, बरं झालं मी वेळेवर बोललो, पहिलीच वाटणी राहिली असती तर काय झालं असतं! मग तो एकटा मर मर उपसतो. टॉम आणि हक हसून हसून बेजार. जिम सारखा विचारतो, एवढं हसायला काय झालं? आणि ते त्याला काहीबाही थापा मारतात.

हक हसतो. माझ्या गळ्याशी काहीतरी आलं ते या ठिकाणी. पंधरा मिनिटं स्वतःशी झगडून ज्याने माफी मागितली होती, तोच हक. तराफ्यावर थट्टा केली आणि जिमने ती ओळखली. इथे तीच थट्टा आहे, पण लेखकाने जिमची ओळखण्याची ताकदच काढून घेतली आहे. ज्या माणसाने पालापाचोळा पाहून खरं काय घडलं ते ताडलं, त्याला आता दशांश आणि पंचमांश यांतलं मोठं कोणतं, ते कळत नाही.

तीन पंचमांश हा आकडाही मला पुढे बरीच वर्षं डाचत राहिला, मग कारण सापडलं. १७८७ साली अमेरिकेची राज्यघटना तयार झाली तेव्हा राज्यांचे प्रतिनिधी किती, हे लोकसंख्येवरून ठरवायचं होतं. गुलाम मोजायचे की नाही यावर भांडण झालं आणि तडजोड निघाली : एक गुलाम म्हणजे तीन पंचमांश माणूस. ट्वेनने हा आकडा मुद्दाम घातला असेल का? असेल. माणूस तेवढा वस्ताद होताच. पण तो टोला ज्या मुलांसाठी गोष्ट लिहिली त्यांच्या डोक्यावरून गेला असणार. त्यांच्या हाती उरला तो हिशेब न येणारा काळा माणूस.

मुलांसाठी, हे मी मुद्दाम म्हणतो. 'हकलबेरी फिन' १८८५ साली अमेरिकेत निघालं तेव्हा काँकर्डच्या सार्वजनिक वाचनालयाने ते मुलांच्या हाती देण्याजोगं नाही म्हणून बाहेर काढलं होतं. 'अब्रॉड' मात्र नोव्हेंबर १८९३ पासून 'सेंट निकोलस' या अमेरिकेतल्या नामांकित बालमासिकात क्रमशः आलं. संपादिका होत्या मेरी मेप्स डॉज, 'हॅन्स ब्रिंकर'च्या लेखिका. त्यांनी शिव्या, दारू, घाम असलं बरंचसं गाळलं. डॅन बिअर्ड या चित्रकाराने पोरं अनवाणी काढली होती. त्याने आठवणींत लिहून ठेवलंय की उघडी पावलं असभ्य दिसतात असं त्याला सांगण्यात आलं, आणि त्याने सगळ्यांना बूट चढवले. हक फिनच्या पायात बूट! वाळूच्या वाटणीला मात्र कुणाची हरकत नव्हती. गोष्ट मासिकात पुरी व्हायला एप्रिल १८९४ उजाडला.

मी त्या रात्री सरांना आंतरदेशीय पत्र लिहिलं. तीनही घड्या भरून. ट्वेन कसा बिघडला, कसा पैशासाठी लिहायला लागला, वगैरे. पैशाचं मी त्या वेळी नुसतं रागाने लिहिलं होतं, पण ते खरंच निघालं. जेम्स पेज नावाच्या माणसाच्या खिळे जुळवायच्या यंत्रात ट्वेनने स्वतःचे आणि बायकोच्या वारशाचे मिळून सुमारे तीन लाख डॉलर घातले होते. त्या यंत्राला अठरा हजार सुटे भाग होते, आणि त्यांतला एखादा तरी नेहमी नादुरुस्त. तेवढ्यात लायनोटाइप हे दुसरं यंत्र बाजारात येऊन पुढे निघून गेलं. जोडीला त्याची स्वतःची प्रकाशनसंस्था डबघाईला आलेली. १८९२ च्या उन्हाळ्यात जर्मनीत बाड नाउहाइमला बसून त्याने हे पुस्तक भराभर लिहिलं, आणि आपल्या व्यवस्थापकाला कळवलं की ही माळ हवी तेवढी लांबवता येईल. आफ्रिका झाली की इंग्लंड, मग जर्मनी, नुसतं देशाचं नाव बदलायचं. माझ्या घरी दूरदर्शन संच आल्यापासून मी असल्या माळा पुष्कळ पाहिल्या. नायक तोच, गाव नवं. प्रकाशनसंस्थेचं दिवाळं वाजलं ते एप्रिल १८९४ मध्ये, म्हणजे गोष्ट मासिकात संपत होती त्याच महिन्यात.

सरांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. चार ओळी. एक, पुस्तक विकू नकोस, वाचनालयाला दे. दोन, 'हकलबेरी फिन'ची शेवटची दहा प्रकरणं पुन्हा वाच आणि मग कळव, माणूस आता बिघडला की आधीच. तीन, आईची तब्येत बरी आहे. चार, पाऊस नाही.

मी वाचली, आणि माझी पंचाईत झाली. ती प्रकरणं मी लहानपणी नुसती धमाल म्हणून वाचली होती. जिम पकडला गेलाय, एका शेतावरच्या खोपट्यात कोंडलाय. टॉम येतो. कडी काढून त्याला दोन मिनिटांत सोडवता आलं असतं, पण टॉमला पुस्तकातल्यासारखी सुटका हवी. म्हणून जिमच्या कोठडीत उंदीर सोडा, साप सोडा, त्याला रक्ताने शर्टावर रोजनिशी लिहायला लावा, दोराची शिडी भाजून पावातून पाठवा. आठवडे जातात. आणि शेवटी कळतं की मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वीच वारल्या, मृत्युपत्रात त्यांनी जिमला मुक्त केलं होतं, आणि हे टॉमला पहिल्यापासून ठाऊक होतं. चांगला कैदी झाल्याबद्दल तो जिमला चाळीस डॉलर देतो. जिम खूश होतो. हेमिंग्वेने १९३५ साली लिहिलं की वाचकाने जिमला पळवून विकतात तिथे थांबावं, पुढची सगळी फसवणूक आहे. मी हेमिंग्वे फार नंतर वाचला. सरांनी तो वाचला होता की नाही, हे विचारायचं राहून गेलं. गणिताच्या माणसाला पायरी कुठे चुकली ते दिसतं, एवढंही कारण पुरेसं असेल.

म्हणजे वाळू 'अब्रॉड'मध्ये आली नव्हती. ती आधीच तराफ्यावर साठत होती, आणि मी हकच्या बाजूने इतका होतो की मला ती टोचली नाही.

एक विषयांतर करतो. पर्सिव्हल एव्हरेट या अमेरिकी कादंबरीकाराने २०२४ साली 'जेम्स' लिहिली. तीच नदी, तोच तराफा, पण गोष्ट जिम सांगतो, आणि तो स्वतःला जेम्स म्हणवतो. गोऱ्यांसमोर अडाण्यासारखं बोलायचं, हे तिथली गुलाम माणसं आपल्या मुलांना धडे देऊन शिकवतात. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. ती वाचल्यावर मला वाळूचा प्रसंग पुन्हा आठवला आणि क्षणभर वाटलं, जिमला दशांश पुरते कळत असतील, हसणाऱ्या दोन पोरांसोबत फुग्यात अधांतरी अडकलेल्या माणसाने दुसरं काय करावं? पण हा एव्हरेटचा जिम झाला. ट्वेनचा जिम तसा नाही. आपल्या आवडत्या लेखकाचे खड्डे दुसऱ्याच्या मातीने बुजवायचा मोह होतो, तो मी आवरला.

'टॉम सॉयर, डिटेक्टिव्ह' या पुढच्या पुस्तकाबद्दल फार बोलत नाही. १८९६ चं. खून, जुळे भाऊ, हिरे. कथानक डेन्मार्कच्या ब्लिकर या लेखकाच्या जुन्या कथेशी इतकं जुळलं की पुढे तिकडच्या एका शिक्षकाने जाहीर बोंब ठोकली. ट्वेनचं म्हणणं होतं की ते एका खऱ्या जुन्या खटल्यावर बेतलंय. जिम त्यात जवळजवळ नाहीच, सुरुवातीला एक उल्लेख तेवढा. मला त्याचं हायसं वाटलं, यावरूनच काय ते समजा.

तक्रार इथे संपायला हवी होती. संपली नाही, कारण ज्या कर्जाने 'टॉम सॉयर अब्रॉड' लिहवून घेतलं त्याच कर्जाने ट्वेनला आपल्या दारात आणलं. दिवाळखोराला कायद्याने सगळे पैसे फेडायची सक्ती नव्हती. त्याने फेडायचे ठरवले, आणि साठीला टेकलेला हा माणूस जुलै १८९५ मध्ये जगभर व्याख्यानं देत निघाला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन. १८ जानेवारी १८९६ ला तो मुंबईत उतरला. नॉव्हेल्टी थिएटरात त्याची तिकीट लावून व्याख्यानं झाली, जानेवारीअखेर तो पुण्यालाही जाऊन बोलला. पुण्याला व्याख्यानांचं काय कौतुक! न्यायमूर्ती रानड्यांची वसंत व्याख्यानमाला तेव्हा वीस वर्षांची झाली होती. पण कर्जासाठी व्याख्यान देणारा पाहुणा त्यांच्याही पाहण्यात नसेल. मला आजच्या मानधनाचं पाकीट मघाशीच मिळालं, म्हणून हे बोलायचा धीर करतोय.

मुंबईत तो वॉटसन हॉटेलात उतरला. काळा घोड्याजवळची ती लोखंडी सांगाड्याची इमारत, आज एस्प्लनेड मॅन्शन, तुमच्यातल्या अनेकांनी टेकू लावलेल्या अवस्थेत पाहिली असेल. जिमची मालकीणही वॉटसन, हॉटेलही वॉटसन. निव्वळ योगायोग, पण मला तो सोडवत नाही. खोकला धरला होता म्हणून ट्वेन बराच वेळ खोलीतच होता. सज्जातल्या कावळ्यांवर त्याने जे लिहिलंय ते मुंबईकराने मुळातून वाचावं. एक दिवस नोकर सांगत आला, देव भेटायला आलाय. आले होते तिसरे आगाखान, ज्यांना त्यांचे अनुयायी तसं मानत. वय वर्षं अठरा. आणि त्यांनी पहिला विषय काढला तो हक फिनचा, हकच्या तत्त्वज्ञानाचा. बिचाऱ्या ट्वेनला किती बरं वाटलं ते त्याने लपवलेलं नाही. त्यांनी 'अब्रॉड' वाचलं होतं की नाही, त्याचा उल्लेख नाही. नसावं वाचलेलं.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, खोलीत पहिल्यांदा सामान लागत होतं तेव्हाचं. 'फॉलोइंग द इक्वेटर' या १८९७ च्या प्रवासवर्णनात ते आहे. सज्जात उघडणारं एक दार होतं. ते नीट लागत नव्हतं की पुसायचं होतं, कोण जाणे. एक नोकर गुडघ्यावर बसून ते करत होता. बरोबर एक धिप्पाड जर्मन होता, व्यवस्था बघणारा. त्याला काम पसंत पडलं नाही. काय चुकलं ते न सांगता त्याने आधी नोकराच्या गालफडात एक ठेवून दिली, मग चूक दाखवली. नोकराने निमूट सोसली. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही.

ट्वेन लिहितो, की असं मी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं. गुलामाला आपलं म्हणणं समजावून सांगायची रीत हीच होती, हे मी विसरूनच गेलो होतो. त्याला मिसूरीतलं गाव आठवलं. हळुवार स्वभावाचे त्याचे वडील, आणि तेही घरच्या गुलाम पोराला क्षुल्लक चुकीसाठी चापट मारत, ते आठवलं. मग त्याहून खोलवरचं वर आलं : तो दहा वर्षांचा असताना एका माणसाने आपल्या गुलामाकडे रागाने लोखंडाच्या खनिजाचा गोळा फेकला होता, कारण त्याने काहीतरी धांदरटपणा केला, आणि तो गुलाम तासाभरात मेला. आपला गुलाम मारायचा मालकाला हक्क आहे, हे दहा वर्षांच्या त्या पोरालाही ठाऊक होतं. गावात ते कुणालाच पटलं नाही, पण फारसं बोललं कुणी नाही.

हे मी वाचलं तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. माझ्या डोळ्यांसमोर तो जर्मन आलाच नाही. मला आठवलं ते 'हकलबेरी फिन'मधलं एक पान. तराफ्यावर रात्री जिम एकटाच कण्हतोय. हक विचारतो तेव्हा तो आपल्या चार वर्षांच्या लेकीची गोष्ट सांगतो. एलिझाबेथ तिचं नाव. नुकती लाल तापातून उठलेली. जिम तिला म्हणाला, दार लाव. ती तशीच उभी, हसत. त्याने पुन्हा सांगितलं, मग ओरडून सांगितलं, आणि मग एक मुस्काटात दिली. पोर कोलमडली. थोड्या वेळाने वाऱ्याने तेच दार तिच्या पाठीमागे धाडकन आपटलं आणि ती हललीसुद्धा नाही. तापात तिचे कान गेले होते. जिमने तिला कवटाळलं, आणि स्वतःला त्याने कधी माफ केलं नाही.

दार, आणि थप्पड. ट्वेनने हे पान लिहिलं तेव्हा त्याला दार ठाऊक होतं, थप्पड कुठून कुणाच्या हातात येते हेही ठाऊक होतं. नंतर फुगा आला, कर्ज आलं, बूट घातलेली पोरं आली, आणि तो ते विसरला. विसरूनच गेलो होतो, हे तर त्याचंच म्हणणं. आठवायला त्याला मुंबईचा एक नोकर लागला, ज्याचं नाव त्याने लिहून ठेवलेलं नाही. त्यानंतर टॉम आणि हकची आणखी एक गोष्ट त्याने लिहायला घेतली, तीत जिम पुन्हा नाहक खुनाच्या आळात सापडतो. ती त्याने पुरी केली नाही. १९१० मध्ये तो गेला. ती गोष्ट छापली गेली त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने.

हे सगळं सरांना कळवायचं होतं. तोपर्यंत सर गेले होते. ते निळं पुस्तक मी वाचनालयाला दिलंच होतं. दाखल नोंदीत सरांचं अक्षर आहे, आणि विभागाच्या रकान्यात 'बाल' लिहून, खोडून, पुन्हा 'बाल'च लिहिलेलं आहे.

मुंबईच्या खोलीतला तो प्रसंग सांगून झाल्यावर ट्वेनने एक हिशेब मांडलाय. वॉटसन हॉटेलातल्या त्या दारापासून मिसूरीतल्या बालपणापर्यंत मागे पन्नास वर्षं, आणि परत पुढे पन्नास. अंतर म्हणाल तर पृथ्वीच्या घेराइतकं. आणि घड्याळात वेळ गेला दोन सेकंद.

ज्या फुटपाथवर मी ते पुस्तक घेतलं, तिथून ते हॉटेल चालत दहा मिनिटांवरही नाही. पण मला त्या दिवशी चर्चगेटची गाडी गाठायची होती, त्यामुळे मी दुसऱ्या बाजूला वळलो.